ठोक्याआधीची फ्रेम

“ठोका बसायच्या आधीची फ्रेम घ्यायची, ताई. नंतरची न्हाई. पाव्हणा दारात पाय ठेवायच्या आधी सरळ चालत हुता का झोकांड्या खात हुता, एवढंच आपल्याला बगायचंय. आत आल्यावर तो कसा का पडंना.”

फाळके नाना माझ्या मागे स्टुलावर बसून बोलत होते. खोलीत अंधार होता, प्रोजेक्टरची चरचर चालू होती. पडद्यावर डावीकडून एक काळा ठोकळा एकेक फ्रेम पुढे सरकत येत होता आणि उजवीकडे एक उभी रेघ त्याची वाट बघत होती. मी फिल्म थांबवली, कोनमापक पडद्याला लावला, पेन्सिलीने रेघ ओढली.

“दोन अंश.”

“दोन का अडीच?”

“दोन. तुम्हीच बघा ना.”

“मला दिसत असतं तर तुमाला कशाला शिकवत बसलो असतो? तमाखूची डबी समजून परवा साहेबाच्या टेबलावरची शाईची बाटली उचलली मी.”

नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पिकल्याशिवाय काढायचा नाही, असं तेव्हा डॉक्टर सांगत. वीस वर्षं फिल्म वाचणाऱ्या माणसाला आता फिल्म दिसत नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. ही पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका पिठाच्या गिरणीच्या मागे आमची तपासणी संस्था होती. धातू किती मार खातो ते बघायचं, हे आमचं काम. सावकाश मार देणारी यंत्रं पुष्कळ ठिकाणी असतात. आमच्याकडे वेगाचा मार होता. पत्र्याच्या लांब शेडमध्ये सात मीटरची पोलादी नळी आडवी बसवलेली होती. मागच्या टाकीत हवा कोंडायची आणि एकदम सोडायची, की नळीतून मुठीएवढा पोलादी ठोकळा सुटायचा आणि समोर आवळून बसवलेल्या प्लेटवर ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने आदळायचा. नळीला आम्ही तोफ म्हणायचो. ठोकळ्याला पाव्हणा म्हणायचे ते फक्त नाना.

शेजारी एक कॅमेरा होता, सेकंदाला पाच हजार फ्रेम काढणारा. कारण नुसती प्लेट फाटली की वाचली एवढ्यावर निकाल लागत नसे. ठोकळा सरळ, सपाट तोंडाने लागला पाहिजे. तिरपा झाला तर तो कडेने लागतो, आणि कडेने लागला तर चांगली प्लेटही फाटते. म्हणून नियम असा, की पाच अंशांपेक्षा जास्त तिरपा ठोका बाद. तो मोजायचाच नाही. आणि किती तिरपा हे सांगणार फिल्म. म्हणजे मी.

माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता. तो का होता, हे सांगितलं पाहिजे. मी रोज पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जायची, भगवंतासमोर उभी राहून त्या दिवसाचा नियम घ्यायची. आज मीठ नाही. आज पाचच पदार्थ. आज रागाचा शब्द नाही. पाणी गाळून प्यायची, सूर्य मावळायच्या आत जेवायची, त्यासाठी साहेबांनी मला पाचलाच घरी जायची मुभा दिली होती. ‘बिरनाळे बाईंना विचारून सूर्य मावळतो’ असं ऑफिसातले थट्टेने म्हणत. आणि खोटं बोलायचं नाही हे तर अणुव्रतच होतं, ते मी वयाच्या सोळाव्या वर्षी एका साध्वी माताजींच्या पायाशी घेतलेलं. चहात साखर कमी पडली आणि कुणी विचारलं, बरा झालाय ना, तर मी म्हणायची, गरम आहे छान.

माझ्या नवऱ्याने दुसरं घर केलं होतं. बस्तीमागच्या गल्लीत माझी एक खोली होती. तिथे माझा स्टोव्ह, माझं गाळणं, माझा पाट, भिंतीत एक कोनाडा. भावाचं घर शिरोळकडे होतं. वहिनी वाईट नव्हती. पण तिथे रात्री साडेनवाला पानं मांडली जात, आणि वर्षातून आठ दिवस मी राहायला गेले तरी माझ्या लवकर जेवणापायी घरात भांड्यांचा आवाज वाढायचा. सहा वर्षं मी संस्थेत तात्पुरती होते. कायम झाले तर खोली राहील. नाही झाले, तर वळकटी घेऊन शिरोळ. दुसरं काही नव्हतं त्यात.

त्या वर्षी भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या आदल्या आठवड्यात, ॲल्युमिनियमच्या नव्या मिश्रधातूच्या प्लेटा आल्या. साखर कारखान्यात उसाचा आटवलेला रस एका जाळीच्या मोठ्या पिंपात घालून गरगर फिरवतात. मळी बाहेर फेकली जाते, साखर आत राहते. ते पिंप कधी फुटलं तर तुकडा तोफगोळ्यासारखा सुटतो. म्हणून त्याच्या भोवती कवच असतं. आतापर्यंत ते जाड लोखंडाचं असे. एका कंपनीला ते हलक्या मिश्रधातूचं करायचं होतं, आणि दसऱ्यानंतर गळीत सुरू व्हायच्या आत चाळीस कारखान्यांना पुरवायचं होतं. अट एकच. दहा सरळ ठोके, आणि दहातली एकही प्लेट फाटता कामा नये.

कंपनीच्या माणसाबरोबर एका कारखान्याने आपला कामगारही पाठवला होता, चाचणी डोळ्यांनी बघायला. सर्जेराव देवकाते. त्याच मशीनवर बारा वर्षं काम करणारा, उंच, काळासावळा, बोलताना मान तिरकी करणारा माणूस. यंत्राच्या आवाजाने त्याचा एक कान गेला होता.

चाचण्या सुरू झाल्या तेव्हा पर्व लागलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी तो आणि नाना शेडच्या पायरीवर भाकरी सोडून बसले होते. बारा वाजून गेले होते, माझं मौन सुटलं होतं. पर्वाच्या दहा दिवसांत मी सकाळी उठल्यापासून बाराच्या ठोक्यापर्यंत बोलायची नाही. अगदीच नड पडली तर टेबलावर एक पाटी ठेवलेली असे.

“ताई,” सर्जेराव म्हणाला, “हितं तुमचा ठोकळा सरळ जाऊन बसतोय. आमच्या मशीनचा तुकडा काय, मी सरळच येणार म्हणून कागद करून देतो व्हय?”

नाना हसले. “आरं, जो सरळ आलेल्याला आडवत न्हाई, तो तिरप्याला काय आडवणार? म्हणून आधी सरळ.”

“मग ठीक. कवच हलकं हाय, एकटा माणूस उचलतोय. गडी खूश हायती सगळे.” त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि हात लांब करून नानांच्या खांद्याला बोट लावलं. “मशीनपासनं मी हितका लांब उभा असतो बगा. हितका. आठ तास.”

मग माझ्याकडे मान तिरकी करून म्हणाला, “तुमी देवाधर्माच्या बाई. खोटं बोलत न्हाई म्हणं. तुमीच सांगा, टिकंल का?”

“फिल्म सांगेल ते मी लिहिते,” मी म्हणाले.

“तिला काय विचारतोस?” नाना मध्येच बोलले. “ती अशीच बोलणार, देव बोलल्यागत. माझ्याकडं बग. एक जरी पाव्हणा सरळ येऊन आरपार गेला, तर ह्यो फाळक्या सवता तुझ्या मशीनपाशी येऊन तुला सांगंल. रिपोर्टाची वाट बगू नगंस.”

“तुमी लई थापा मारता म्हणत हुता तुमचा शिपाई. तीनदा सासू मारली म्हणं रजंसाठी.”

“सासूचं खोटं बोलतो. सासू काय, तिलाबी ठावं हाय. पाव्हण्याचं कवाच न्हाई बोललो.” नानांनी तंबाखूचा हात धोतराला पुसला आणि पुढे केला. सर्जेरावाने तो हातात घेतला.

त्या दिवशी चार ठोके झाले. पहिल्या तीन प्लेटांना ताटलीसारखा खळगा पडला, फाटली एकही नाही. चौथ्या वेळी भोंगा वाजला, दिवे पेटले, आणि शेडमधून ‘टण्’ असा एकच स्वच्छ आवाज आला. काचेतून आम्ही पाहिलं. प्लेटेत मूठ जाईल एवढं भोक होतं. मागच्या वाळूच्या पेटीतून धूळ उडत होती.

“गेला,” नाना म्हणाले.

कंपनीचा माणूस लगेच म्हणाला, “तिरपा लागला असणार.”

“तिरपा लागला की उतरंड कोसळल्यागत आवाज येतो, साहेब. खडाड्. ह्यो घंटेवाणी आला.”

“आवाजावर रिपोर्ट होतो का तुमच्याकडे?”

आवाजावर रिपोर्ट होत नसे, हे खरंच होतं.

तीन दिवसांत बारा ठोके झाले. नवव्याला पुन्हा तेच. ‘टण्’ आणि भोक. बाकीच्या दहा प्लेटा शाबूत. चार आणि नऊ बाद ठरल्या तर बरोबर दहा उरत होत्या. सर्जेराव दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी गावी गेला होता, त्याची पाळी होती. नववा ठोका त्याने पाहिला नाही, आणि चौथ्याबद्दल त्याला सांगितलं होतं की फिल्म धुऊन येईपर्यंत काही खरं नाही.

फिल्म धुऊन आली. मी एकटीने बसून बाराही रिळं वाचली. कच्च्या वहीत पेन्सिलीने आकडे मांडले. चौथा, दोन अंश. नववा, तीन अंश.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला रणदिवे साहेब माझ्या खोलीत आले. ते आमचे संचालक. दारात चपला काढून आले. पर्वाच्या दिवसांत ते नेहमीच तसे येत, मला संकोच वाटायचा. खुर्ची ओढून बसले आणि कच्च्या वहीकडे नजर टाकली.

“तुमचं मौन असेल. काही हरकत नाही, मीच बोलतो.”

मी हात जोडले.

“बिरनाळे बाई, तुम्ही खोटं लिहावं असं मी या जन्मात सांगणार नाही. माझी आई तुमच्यासारखीच होती. पण माझी एक शंका आहे. ठोकळा प्लेटेला नेमका केव्हा लागला, हे आपण ठरवणार कसं? दोन फ्रेमच्या मध्ये तो दोन सेंटिमीटर सरकतो. ज्या फ्रेममध्ये तो आपल्याला टेकलेला दिसतो, ती आधीची की नंतरची? नाना म्हणतात म्हणून आपण एक फ्रेम मागची घेतो. नानांना कुणी सांगितलं? नियमात शब्द आहे, ‘ठोक्याच्या वेळी’. वेळी, बाई. आधी असं कुठे म्हटलंय?”

मी वहीकडे बघत राहिले.

“हे काम गेलं तर तोफ बंद. ट्रस्टींचं ठरलंय, त्यांना तिथे गोदाम हवंय. तुमचा कायम झाल्याचा कागद टाइप होऊन माझ्या टेबलावर आहे. तो वेगळा विषय आहे, या दोन गोष्टी मी जोडत नाही. तुम्ही फक्त चार आणि नऊ पुन्हा एकदा बघा. मनाला पटेल तेच लिहा.”

ते उठले. दारात चपला घालताना म्हणाले, “तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे तुम्हालाही माझं म्हणणं अगदीच चूक वाटत नसावं.”

पाटी टेबलावर होती. पाटीवरची पेन्सिल दोरीने बांधलेली, ती माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. सकाळीच मी तिच्यावर शिपायासाठी लिहिलं होतं, ‘खिडकी लावू नये, मुंग्यांची रांग आहे.’ मौन सुटायला एक तास होता. साहेबांनी ती वेळ मुद्दाम निवडली, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण ती वेळ मलाही सोयीची होती.

त्या दुपारी मी चार आणि नऊ पुन्हा लावल्या. संध्याकाळी पक्का तक्ता शाईने भरला. चौथा ठोका, सात अंश, बाद. नववा ठोका, सहा अंश, बाद. खाली सही केली, त्रिशला बिरनाळे. घरी जाऊन सूर्य मावळायच्या आत पाणी प्यायले, सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसले. मन स्थिर होतं. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे. मन स्थिर होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेबाराला नाना आले. तक्त्याची प्रत शिपायाने त्यांना वाचून दाखवली होती. ते स्टूल ओढून माझ्या टेबलासमोर बसले.

“सात अन् सहा,” ते म्हणाले.

मी ओठांवर बोट ठेवलं.

“व्हय. मौन.” त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड केलं; ते त्यांना दिसत नव्हतं, नुसती टिकटिक ऐकत असावेत. “बसतो मी. मला काय काम न्हाई.”

पंधरा मिनिटं ते बसले. तंबाखू मळली नाही. एकदा म्हणाले, “माझी म्हातारी शनवारी बोलायची न्हाई. आमाला वाटायचं, शनवार लई बरा दिवस.” स्वतःच हसले, मग हसू ओसरलं. गिरणीचा पट्टा बाहेर फडफडत होता. मी माळ ओढत होते. मणी बोटांखालून जात होते आणि मी मोजत होते, जप होत नव्हता.

बारा वाजले. मी तीन वेळा णमोकार मंत्र म्हटला. नाना तेवढंही थांबले.

“कुठली फ्रेम घेतली, ताई?”

“नाना, तक्त्यावर लिहिलंय ते…”

“तक्त्यावर आकडा हाय. मी फ्रेम विचारली.”

“टेकलेली.”

“टेकलेली म्हंजे ठोका बसल्यावरची.”

“‘ठोक्याच्या वेळी’ असा शब्द आहे नियमात.”

“तुमाला मी काय शिकवलं हुतं?”

मी बोलले नाही. आता मौन नव्हतं, तरी बोलले नाही.

“पाव्हणा पत्र्याला टेकला की पत्रा वाकतो, पाव्हणा कलंडतो. समदे कलंडतात. तुमी बाकीच्या धाच्या फ्रेमा कुठल्या घेतल्या?”

हा प्रश्न ते विचारतील असं मला वाटलं नव्हतं.

“आधीच्या,” मी म्हणाले.

नानांनी मान हलवली. कितीतरी वेळ हलवत राहिले. “म्हंजे धाना आधीची अन् दोघांना नंतरची. तुमी खोटं लिहिलं न्हाई.”

“नाही.”

“सात अंश दिसत हुतं?”

“दिसत होतं. खरंच दिसत होतं, नाना. पाहिजे तर रीळ लावते.”

“लावा की. मला आंधळ्याला दावा.”

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पर्वातला पहिलाच धर्म क्षमेचा, मी क्षमा केली असती. पण त्यांचा आवाज नेहमीचाच होता, चहा मागितल्यासारखा. ते उठले, कपाटापाशी गेले, चाचपून रिळांच्या डब्यांवरून बोट फिरवलं. डब्यांच्या झाकणावर नंबर खिळ्याने कोरलेले असत. त्यांनीच ती पद्धत घातली होती, डोळे जायला लागल्यावर. चौथा डबा काढला. नववा काढला.

“हे नेता येत नाही, नाना. संस्थेच्या बाहेर रीळ नेलं तर…”

“ठावं हाय.”

“तुमच्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत.”

“त्येबी ठावं हाय.”

पुढचं इथेच सांगून टाकते. नानांनी ती रिळं सर्जेरावाच्या कारखान्यात नेली. तिथल्या इंजिनिअरने ती दुसरीकडे कुठेतरी लावून बघितली, आणि त्या कारखान्याने नवी कवचं घेतली नाहीत. बाकीच्या कारखान्यांकडे आमचा रिपोर्ट होता. त्यांनी घेतली. तिथे पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. संस्थेत नानांची चौकशी लागली. साहेब म्हणाले, फाळक्यांनी रिळं चोरली आणि नजर नसताना भलते निष्कर्ष काढून संस्थेची बदनामी केली. चौकशीत मला एकच प्रश्न विचारला गेला. “फाळके यांना फिल्मवरची फ्रेम वाचता येईल इतपत दिसतं का?”

मी म्हणाले, “नाही.”

तेही खरंच होतं. चौकशी करणारे गृहस्थ म्हणाले, या बाई खोटं बोलत नाहीत, सगळ्यांना माहीत आहे. नानांना पाच महिने आधी घरी पाठवलं. चौकशीच्या वेळी ते बाकावर माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसले होते आणि त्यांनी माझ्याकडे तोंडही वळवलं नाही. पर्व संपल्यावर आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो, कळत नकळत घडलेल्या सगळ्याची. त्या वर्षी मी गल्लीतल्या प्रत्येक दारी गेले. नानांच्या दारी गेले नाही. मग दर वर्षी तसंच. त्यांचा मोतीबिंदू काढला की नाही, तेही मला ठाऊक नाही.

तोफ काही बंद झाली नाही. गोदामाची गोष्टच पुढे निघाली नाही. मी कायम झाले आणि चोवीस वर्षं नोकरी केली. खोली राहिली. कोनाड्यातला दिवा एक दिवस चुकला नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी बारा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि नाना दोन डबे पिशवीत घालून दारात उभे होते.

“ताई, एक काम हुतं.”

“काय?”

“बसवरच्या पाट्या मला दिसत न्हाईत आता. दोन गाड्या बदलाय लागतील. फुडलं मी विचारत जाईन कुणाला तरी. स्टँडावर तेवढं पहिल्या गाडीत बसवून देता? रस्त्यात ट्रक लई असतात.”

स्टँड वीस मिनिटांवर होता. जाऊन येऊन फार तर पाऊण तास.

पर्वात माझं एकासन असे. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं, साडेबाराच्या आत. वेळ टळली तर उपास पडायचा. उपास काही मला नवा नव्हता. वर्षातून तीस-पस्तीस मी हौसेने करायची.

“नाना,” मी म्हणाले, “माझं जेवण व्हायचंय.”

मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, शिवी देतील. शिव्या त्यांच्या तोंडात सहज असत. पण ते म्हणाले, “व्हय, खरंच की. बसा तुमी, जेवून घ्या.” आणि बाहेर पडले.

मी पाणी गाळून घेतलं. डबा उघडला. मुगाची आमटी, भात, आणि काकडी नाही, कारण त्या दिवशी हिरव्याचा त्याग होता. खिडकी उघडीच होती, मुंग्यांमुळे. तिच्यातून फाटक दिसत होतं.

नाना फाटकापाशी थांबले. पहारेकऱ्याने विचारलं, “काय नाना, आज पुन्हा सासू गेली का?”

“न्हाई रं,” नाना म्हणाले. “एका माणसाला सांगून येतो म्हणालो हुतो.”

त्यांनी पिशवी डाव्या काखेत घट्ट धरली. उजवा हात गिरणीच्या भिंतीला लावला आणि भिंत संपेपर्यंत तिच्या आधाराने चालत गेले. भिंत संपली तिथे जरा उभे राहून त्यांनी दोन्ही बाजूंचा आवाज ऐकला. मग रस्ता ओलांडायला पाऊल खाली टाकलं.